दोन हजार तास खेळलो, गेम भिकार आहे

स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात संगणकावरचे गेम विकत मिळतात. प्रत्येक गेमखाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय असतात आणि प्रत्येक अभिप्रायाशेजारी दुकानदारानं एक खोडसाळ आकडा छापलेला असतो: हे गृहस्थ हा गेम आजवर किती तास खेळले. दुसऱ्या कुठल्याही समीक्षकावर ही वेळ आलेली नाही. पुस्तकावर लिहिणाऱ्यानं किती पानं वाचली, हे परीक्षणाशेजारी छापायची सोय निघाली तर मराठी समीक्षेतली कित्येक नामवंत घराणी एका रविवारात बसतील. गेमवाल्यांच्या नशिबी मात्र ही पारदर्शकता आलीच आहे. त्यामुळे तिथं अशा जातीचे अभिप्राय सर्रास वाचायला मिळतात: 'अंगठा खाली. अत्यंत रटाळ. वेळ फुकट घालवू नका.' आणि शेजारी आकडा, २,००० तास.

२,००० तास म्हणजे रोजचे आठ तास धरले तर अडीचशे दिवस. रविवार, सणवार आणि किरकोळ रजा वजा केल्या तर ही वर्षभराची पूर्णवेळ नोकरी झाली. एवढी हजेरी लावणाऱ्याला कुठल्याही कचेरीनं कायम केलं असतं.

लोक या अभिप्रायांना हसतात. मी हसत नाही. माझ्या मते ऐकायचं असेल तर याच माणसाचं ऐकावं. वीस मिनिटं खेळून 'जबरदस्त!!!' लिहिणाऱ्याला गेममधलं काय कळलेलं असतं? दोन हजार तासवाल्याला मात्र कुठल्या दारात बंदूक अडकते, कुठला शत्रू भिंतीतून बघतो, पाचव्या महिन्यात खेळ कुठं थंड पडतो, हे सगळं पाठ असतं. करणाऱ्यांनाही माहीत नसेल इतकं. दुःख एवढंच की एवढं सगळं ज्ञान गोळा करून झाल्यावर तो लिहायला बसतो आणि 'भिकार' एवढंच लिहून उठतो.

माझा भाचा पुण्यात एका गेम कंपनीत आहे. कंपनीचं नाव सांगू नकोस, अशी बहिणीनं तंबी दिली आहे. खेळाडू जे काही लिहितात ते वाचायचं, हे त्याचं काम. घरात आजीला त्यानं ते समजावून सांगितलं: 'आजी, लोक शिव्या देतात. मी त्या वाचतो, त्यांतला मुद्दा बाजूला काढतो आणि शिव्या गाळून वर पाठवतो.' आजी म्हणाली, 'याला पगार देतात? मी या घरात चाळीस वर्षं फुकट केलं.'

पुण्यात हा धंदा आता चांगला रुजला आहे. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम इथल्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं केला आणि २०२० साली तो जगभर गेला. इथल्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये फोनवर उतरला. म्हणजे ज्या शहरानं दारावरच्या पाटीतून अभिप्राय देण्याची कला परमोच्च बिंदूला नेली, त्याच शहरात आता अभिप्राय घेण्याच्याही नोकऱ्या निघाल्या आहेत. नियती असं क्वचित काही जुळवून आणते.

भाच्याकडं ऐकलेले काही नमुने सांगण्यासारखे आहेत. एक असतो समस्त खेळाडूंच्या वतीनं लिहिणारा. 'आम्हा सर्वांना हा बदल अमान्य आहे.' सर्वांना म्हणजे तो आणि त्याचा खोलीतला जोडीदार, आणि जोडीदाराला अजून विचारलेलं नाही. दुसरा असतो निरोप घेणारा. 'आजपासून गेम सोडत आहे. आपण एक निष्ठावंत खेळाडू गमावला आहे, याची नोंद घ्यावी.' भाचा खरोखरच नोंद घेतो. कारण त्याला दिसतं की त्याच रात्री साडेअकराला गृहस्थ पुन्हा मैदानात हजर आहेत आणि पहाटे तीनपर्यंत हललेले नाहीत.

फोनवरच्या दुकानातल्या ताऱ्यांचा हिशेब तर कुठल्याही पंचांगात बसत नाही. 'एक नंबर गेम आहे भाऊ, असा गेम पाहिला नाही' असं लिहून खाली तारा एकच. का? तर जास्त तारे दिले की कंपनीवाले वाचत नाहीत, असा ठाम समज आहे. याउलट 'गेम उघडतच नाही' आणि वर पाच तारे. हा माणूस सज्जन घरातला. गेम उघडत नसला म्हणून काय झालं, समोरच्याला एकदम वाईट कसं म्हणायचं? काही जण पाच तारे आगाऊ देतात आणि बदल्यात फुकट नाणी मागतात. याला अभिप्राय म्हणावं की लाच, हे भाच्याच्या कंपनीत अजून ठरलेलं नाही.

आणि 'सर्व्हर सुधारा'. हा तर राष्ट्रीय अभिप्राय आहे. मी हरलो याची फक्त दोनच कारणं जगात संभवतात: समोरचा चीटिंग करत होता किंवा सर्व्हर बोंबलला होता. एक मुलगा भाच्याला लिहायचा की रोज संध्याकाळी बरोब्बर सातला तुमचा सर्व्हर झोपतो. भाच्यानं चिकाटीनं पत्रव्यवहार केला. निघालं असं की सातला आईची मालिका सुरू होते, ती टीव्हीवर त्याच वायफायवरून येते. पोरानं सगळं शांतपणे मान्य केलं आणि पुढं लिहिलं, 'मग आता हे तुम्ही सोडवा.'

पण भाच्याला सगळ्यांत धास्ती वाटते ती रागावणाऱ्यांची नाही. त्याला धास्ती वाटते उपाय सुचवणाऱ्यांची. 'मी प्रोग्रामर नाही, पण हे दोन ओळींचं काम आहे' अशी सुरुवात दिसली की तो आधी चहा मागवतो. पुढं सतरा मुद्द्यांचा मसुदा असतो. त्यात नवीन नकाशा, नवीन बंदूक, विमान, विमानतळ आणि लेखकाच्या आवडत्या पात्राला बहाल करायच्या शक्तींची यादी असते. मार्क रोजवॉटर हे 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचे २००३ पासूनचे मुख्य रचनाकार. २०१६ साली गेमवाल्यांच्या परिषदेत त्यांनी वीस वर्षांत शिकलेले वीस धडे सांगितले. त्यांतला एक असा की प्रेक्षकाला दोष बरोबर सापडतो, दुरुस्ती मात्र त्याला जमत नाही. लग्नाच्या पंगतीत बसणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागू नये. भाजी खारट झाली, हे पानावरच्या शेवटच्या पाहुण्यालाही कळतं आणि तो शंभर टक्के बरोबर असतो. पण मग तोच पाहुणा आत जाऊन आचाऱ्याला 'त्यात थोडा गूळ घाला' म्हणतो, तिथून पुढं त्या भाजीला कुणी वाली राहत नाही.

आता रागाबद्दल. गेम खेळणाऱ्यांच्या बोलीत एखादं हत्यार कमजोर केलं की 'नर्फ' आणि दणकट केलं की 'बफ'. न्यायाचं तत्त्व साधं असतं: ज्या बंदुकीनं मी मेलो ती ताबडतोब नर्फ झाली पाहिजे आणि जी माझ्या हातात आहे ती अगदी योग्य आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स २' या गेममध्ये डीएसआर ५० नावाची लांब पल्ल्याची बंदूक होती. २०१३ च्या जुलैत तिच्या दोन गोळ्यांमधलं अंतर ०.२ सेकंदावरून ०.४ सेकंद करण्यात आलं. ०.२ सेकंद. एवढ्या वेळात धड शिंकताही येत नाही. पण हा बदल जाहीर करणारे डिझाइन डायरेक्टर डेव्हिड वॉन्डरहार यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. घरच्यांचाही उद्धार झाला. कंपनीच्या माणसाला जाहीरपणे लिहावं लागलं की बाबांनो, हे काय चाललंय.

आता गंमत बघा. त्याच्या तीन वर्षं आधी, २०१० मध्ये, 'हेलो ३' चे एक रचनाकार जेमी ग्रीसमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत अख्खं व्याख्यान दिलं होतं. विषय: लांब पल्ल्याच्या बंदुकीच्या दोन गोळ्यांमधलं अंतर ०.५ सेकंदावरून ०.७ सेकंद का केलं. व्याख्यानाचं शीर्षकच तेवढं लांब होतं. वेळ तीच, ०.२ सेकंद. एका बाजूला माणूस त्यावर पूर्ण व्याख्यान देतो, लोक वह्या काढून ऐकतात. दुसऱ्या बाजूला त्याच ०.२ सेकंदावरून खुनाची भाषा. म्हणजे ही फट किती महत्त्वाची आहे, याबद्दल दोन्ही पक्षांचं संपूर्ण एकमत आहे! आपल्याकडं दशांश अपूर्णांकावर एवढी जीव तोडून चर्चा बँकेच्या व्याजदरावरही होत नाही.

धमकीतून गेमवाल्याला काय कळतं? काहीच नाही. भाचा म्हणतो, 'मामा, धमकी मी पोलिसांकडं पाठवू शकतो, डिझायनरकडं नाही. त्यात कुठली लेव्हल ते लिहिलेलं नसतं.'

राग धरावा तर कसा, हे शिकायचं तर कॅनडातल्या एडमंटनला जावं लागेल. तिथं बायोवेअर नावाची कंपनी आहे. तिच्या 'मास इफेक्ट' या गेमचे २०१२ पर्यंत तीन भाग निघाले. या मालिकेत खेळाडूचा प्रत्येक निर्णय पुढं मोजला जातो, अशी तिची ख्याती. कुणाला वाचवलं, कुणाशी गोड बोललात, कुणाला तोडलं, सगळ्याचा हिशेब तिसऱ्या भागात होणार. लोकांनी पाच वर्षं जीव लावून निर्णय घेतले. मार्च २०१२ मध्ये तिसरा भाग आला. शेवटी खेळाडूपुढं तीन वाटा. आणि कुठलीही वाट धरली तरी पडद्यावर जवळजवळ तेच दिसे, फक्त स्फोटाचा रंग बदले: लाल, निळा, हिरवा.

खेळाडू खवळले. एकानं तर अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडं तक्रार गुदरली. नेहमीच्या शिव्याशापांचा पूर आलाच. पण काही मंडळींनी वर्गणी काढली आणि एडमंटनच्याच एका बेकरीतून बायोवेअरच्या कचेरीत चारेकशे कपकेक पाठवले. काही लाल, काही निळे, काही हिरवे. आणि आतून? सगळ्यांची चव एकच, व्हॅनिला.

हा मी वाचलेला सर्वोत्तम अभिप्राय आहे, आणि त्यात एकही वाक्य नाही. तक्रार नेमकी काय आहे, ती कुठल्या प्रसंगाबद्दल आहे, त्यात चुकलं काय, हे सगळं त्या खोक्यात आलं. कुणाच्या आईबापाचा उल्लेख नाही. आणि समजा कंपनीला मुद्दा पटला नसता तरी चहाबरोबर खायला झालं असतं. (प्रत्यक्षात त्यांनी ते खाल्ले नाहीत, बेघर मुलांच्या निवाऱ्याला देऊन टाकले. टीका गिळणं अवघड असतं हे खरं, पण इतक्या गोड टीकेच्या बाबतीत हा मला थोडा अतिरेक वाटतो.)

त्याच वेळी नाराज खेळाडूंनी आजारी मुलांना खेळणी पुरवणाऱ्या चाइल्ड्स प्ले या संस्थेसाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली. आमची टोळी निव्वळ टाहो फोडणाऱ्यांची नाही, हे दाखवायचं होतं. ८० हजार डॉलरच्या वर रक्कम जमली. शेवटी संस्थेलाच हात जोडावे लागले, कारण काही देणगीदारांचा समज झाला होता की हे पैसे नवा शेवट लिहायला जाणार आहेत. जूनमध्ये बायोवेअरनं शेवटाची वाढवलेली आवृत्ती फुकट दिली. शेवट बदलला नाही, पण नंतर कुणाचं काय झालं ते दाखवलं. लोक पूर्ण समाधानी झाले का? छे. पण निम्म्यांचा राग उतरला, आणि गेमच्या जगात निम्मे म्हणजे बहुमत.

नुसता बिनचूक तपशील सांगूनही काम होतं. २०१० साली ब्लिझार्ड कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' च्या कथेवर प्रश्नोत्तरं चालली होती. लाल सदऱ्यातला एक तरुण माइकपाशी आला. सरळ उभा राहिला आणि त्यानं विचारलं की बुटक्यांच्या नव्या मंडळात फॉल्स्टाड वाइल्डहॅमर का दिसत नाही. व्यासपीठावरचा एक जण म्हणाला, तो मेला ना? मुलगा म्हणाला, नाही, मेलेला नाही. आवाज चढवला नाही, 'तुम्हाला तुमचीच कथा माहीत नाही' असा टोमणा मारला नाही. व्यासपीठावरच्यांनी चूक मान्य केली. पुढं गेममध्ये फॉल्स्टाड आपल्या जागी आला आणि त्याच्या शेजारी एक नवा बुटका उभा राहिला. अंगात लाल सदरा, नाव वाइल्डहॅमर फॅक्ट चेकर. ऐतिहासिक चित्रपट सुटल्यावर दिग्दर्शकाला गाठून पगडीची घडी चुकल्याचं सांगणारी माणसं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या एकाला तरी पुढच्या चित्रपटात उभं केल्याचं ऐकिवात नाही.

माझा सगळ्यांत लाडका किस्सा मात्र मांजरांचा आहे.

'ड्वॉर्फ फोर्ट्रेस' हा गेम टार्न आणि झॅक ॲडम्स हे दोन भाऊ २००६ पासून लोकांना देत आले आहेत. दिसायला वर्षानुवर्षं नुसती अक्षरं आणि चिन्हं, पण आत एवढं जग भरलंय की त्यात बुटक्यांच्या नखांचीही नोंद असावी. २०१५ च्या अखेरीस त्यांनी गेममध्ये दारूचे गुत्ते आणले. थोड्याच दिवसांत तक्रार आली: माझ्या किल्ल्यातली मांजरं मरताहेत, आणि गुत्त्यात सगळीकडं ओकारी पडलीय.

बस, एवढंच. काय घडलं आणि कुठं घडलं. लिहिणाऱ्यानं 'मांजरांना बफ द्या' असं म्हटलं नाही. टार्न ॲडम्सनं शोध घेतला. आधी वाटलं, मांजरं मारामारीत सापडत असतील. नाही. मग कळलं ते असं: गुत्त्यात बुटके पीत बसतात, फेसाळलेले पेले हिंदकळतात, दारू फरशीवर सांडते. मांजर त्या फरशीवरून चालत जातं, पंजे ओले होतात. मांजर ते मांजर, ते आपलं अंग चाटून स्वच्छ करणार, कारण ते चाटणंही या भावांनी पूर्वी केव्हातरी हौसेनं लिहून ठेवलेलं. चाटल्यावर दारू पोटात. पण किती? इथं खरी चूक होती. पंज्याला लागलेला थेंब पोटात गेला की गेमच्या हिशेबात पूर्ण पेला मोजला जायचा. आणि दारू किती चढते ते शरीराच्या वजनावर ठरे. बुटक्याचं वजन वेगळं, मांजराचं वेगळं. दोनचारदा पंजे चाटले की मांजर टुन्न, आणि मग गतप्राण.

ती एक हिशेबाची चूक सोडली तर या साखळीतला प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे बरोबर आहे. दारू सांडते, पंजे भिजतात, मांजर चाटतं, दारू चढते. दोन हुशार माणसांनी प्रेमानं लिहिलेल्या बरोबर गोष्टी त्या एका चुकीला येऊन मिळाल्या आणि मांजरांची कत्तल झाली. हे कुठल्या खेळाडूला घरबसल्या सुचलं असतं? 'दोन ओळींचं काम' म्हणणाऱ्याच्या सतरा मुद्द्यांत हे कुठं बसलं असतं? मांजरं मरताहेत, एवढंच बघणाऱ्यानं सांगायचं असतं. बाकीचं ज्यानं मांजर केलं, तो बघून घेतो.

तरीही प्रत्येक नियमाला एक अपवाद असतो, आणि या नियमाचा अपवाद असा जबरी आहे की तो न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. 'जीटीए ऑनलाइन' २०१३ मध्ये सुरू झाला. संगणकावर तो उघडायला कित्येकांना पाचसहा मिनिटं लागत. लोकांनी वर्षानुवर्षं बोंब मारली: लोडिंग, लोडिंग, लोडिंग. कंपनी ढिम्म. २०२१ च्या सुरुवातीला एका खेळाडूनं ठरवलं की बास. त्यानं गेम उघडताना संगणक नेमका कशात गुंतलेला असतो, ते मोजायला घेतलं. सापडलं ते असं: गेममधल्या दुकानात विकायच्या सुमारे ६३ हजार वस्तूंची एक यादी, आकार १० एमबी. गेम ती यादी एकेक वस्तू करून वाचत होता, आणि प्रत्येक वस्तूला उरलेल्या संपूर्ण यादीची लांबी पुन्हा मोजत होता. वर प्रत्येक नवी वस्तू आधी येऊन गेली का, हे मागच्या सगळ्या वस्तूंशी ताडून बघत होता. म्हणजे खेळाडूंना दारात ताटकळत ठेवून आत त्यांनाच विकायच्या मालाची मोजदाद चालली होती.

त्या पठ्ठ्यानं स्वतःच्या संगणकावर दुरुस्ती करून बघितली, सहा मिनिटांची दोनाच्या आत आली, वेळ जवळपास ७० टक्क्यांनी घटला. मग त्यानं सगळं व्यवस्थित लिहून काढलं, कुठं, काय, का. गेमच्या कंपनीनं, म्हणजे रॉकस्टारनं, ते तपासलं, मान्य केलं, मार्चमध्ये दुरुस्ती सगळ्यांना दिली आणि त्याला १०,००० डॉलर बक्षीसही दिलं. ही बातमी आली त्या आठवड्यात भाच्याकडच्या 'दोन ओळींचं काम' वाल्यांची संख्या दुप्पट झाली. प्रत्येकानं शेवटी बक्षिसासाठी बँक खाते क्रमांक जोडला होता. मोजमाप कुणीच जोडलं नव्हतं.

ऐकून घेणाऱ्यांच्या बाजूनंही सगळं आलबेल असतं असं नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' बाजारात येता येता खेळाडूंनी हिशेब केला की पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या गेममध्ये डार्थ वेडर हे पात्र मिळवायला ६०,००० नाणी लागतात, म्हणजे चाळीसेक तासांची मजुरी. तक्रार अगदी आदर्श होती: आकडा, गणित, प्रश्न. त्यावर ईए कंपनीच्या खात्यावरून रेडिट या संकेतस्थळावर उत्तर आलं की यात खेळाडूंना अभिमान आणि कर्तबगारीचं समाधान लाभावं असा हेतू आहे. त्या उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त नापसंत्या पडल्या आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. सहकारी बँकेच्या सर्वसाधारण सभेत 'भांडवल कुठं गेलं' या प्रश्नाला अध्यक्षांनी 'सभासदांच्या चेहऱ्यावरचं हसू हेच आमचं भांडवल' असं उत्तर द्यावं, तर सभागृहात जे होईल तेच तिथं झालं. कंपनीनं घाईघाईनं पात्रांच्या किमती ७५ टक्क्यांनी उतरवल्या.

उलट 'नो मॅन्स स्काय' वाल्यांनी काय केलं बघा. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची ही चिमुकली हेलो गेम्स कंपनी. गेममध्ये ग्रह किती? १८ वर अठरा आकडे. २०१६ मध्ये गेम दोन महिने पुढं ढकलला तेव्हाच संस्थापक शॉन मरे यांना धमक्या आल्या. गेम आला आणि सांगितलेलं बरंच त्यात नव्हतं, तेव्हा तर गहजब झाला. त्यातला राग बऱ्याच अंशी रास्त होता, असं माझं मत आहे. ग्रह मोजून देण्यापेक्षा आश्वासनं मोजून दिली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर कंपनी गप्प बसली. खुलासा नाही, वाद नाही. महिनोन्‌महिने एकामागून एक भर घालत राहिली, सगळी फुकट. २०१९ मध्ये खेळाडूंनी वर्गणी काढून त्यांच्या कचेरीजवळ मोठा जाहिरातफलक लावला. त्यावर आभार मानले होते. आपल्याकडं चौकाचौकात वाढदिवसाचे फलक लागतात ते बघून बघून माझा या माध्यमावरचा विश्वास उडाला होता. तो थोडा परत आला.

मध्यंतरी भाच्याला विचारलं, तुझ्या हातात आलेला सगळ्यांत चांगला अभिप्राय कुठला? त्यानं जपून ठेवला होता, फोनवर दाखवला. शाळकरी मुलाचा असावा. 'तिसऱ्या लेव्हलला लाकडी पुलावर उजवीकडं उडी मारली की आपला माणूस पाण्यात पडत नाही, हवेतच चालतो. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा झालं. पाऊस चालू असेल तरच होतं. व्हिडिओ जोडला आहे. फोन बाबांचा आहे, मॉडेल खाली लिहिलं आहे. ता. क. तुमच्या गेममधली म्हैस फार छान आहे.'

'मग?' मी विचारलं.

'मग काय, दुपारपर्यंत पूल दुरुस्त. पावसाचं त्यानं लिहिलं नसतं तर आम्ही आठवडाभर शोधत बसलो असतो. आणि जिनं ती म्हैस केलीय ना मामा, तिला त्याआधी कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिनं लगेच म्हशीला एक रेडकू करून दिलं. कुणी मागितलं नव्हतं.'

तेव्हा वाचकहो, आपण खेळत असाल किंवा आपली मुलं आपल्याच फोनवर खेळत असतील, तर जरूर लिहा. मराठीत लिहा, चालतं, भाचा वाचतो. राग आला असेल तर रागानं लिहा, पण कुठल्या लेव्हलचा राग आहे तेवढं सांगा. शिव्या द्यायच्याच असतील तर दोनचार द्या, त्या गाळायचा त्याला पगार मिळतो. फक्त खाली गेमची आवृत्ती आणि फोनचं मॉडेल लिहायला विसरू नका.